बाक आणि बँक

मागच्या बाकावर बसणारा मुलगा पुढे बँकेत मॅनेजर झाला, तरी शब्दांच्या हिशेबाने तो घरच्या घरातच राहिला. बाक आणि बँक ही एकाच कुळातली भावंडं.

मूळपुरुष उत्तर युरोपातला. इंग्रजी, जर्मन, स्वीडिश ज्या प्राचीन जर्मानिक बोलीतून निघाल्या, तिच्यात 'बंकिज' असा शब्द असावा, हे अभ्यासकांनी वंशजांच्या तोंडवळ्यावरून ताडलं. अर्थ, लांबट आसन. इंग्रजीला वारशाने 'बेंच' मिळाला.

खरी गंमत इटलीत झाली. रोमचं साम्राज्य ढासळल्यावर जर्मानिक टोळ्या तिथे उतरल्या; ५६८ साली लोंबार्ड आले. त्यांच्या बोलीत 'ब'चा 'प' होई. म्हणून इटालियनमध्ये आजही बसायची ती 'पांका' आणि पैशांची ती 'बांका'. मध्ययुगात तिथले सराफ बाकडं मांडून नाणी बदलून देत. बाकड्याचं नाव धंद्याला चिकटलं, आणि १३९७ साली फ्लोरेन्समध्ये मेदिची घराण्याने पेढी काढली तेव्हा ते चांगलंच मुरलेलं होतं. तिथून फ्रेंचांमार्फत ते इंग्रजीत गेलं. दिवाळं निघालं की 'बांका रोत्ता', मोडलेलं बाकडं, 'बँकरप्ट' तिथलाच. बुडालेल्या सराफाचं बाकडं लोक खरोखर फोडत, असं रंगवून सांगतात. मला ती गोष्ट शब्दावरून मागाहून रचलेली वाटते.

एकाच शब्दाच्या या दोन अर्थांवर जर्मन माणसाने नामी तोड काढली. एकवचनात बाकडंही 'बांक' आणि बँकही 'बांक'. अनेकवचनात मात्र बाकडी 'बेंके' आणि बँका 'बांकन'.

आपल्याकडे हे कुळ दोन वाटांनी आलं. पोर्तुगीजांच्या 'बांकु'चा कोकणीत 'बांक' झाला, मराठीत 'बाक'. इंग्रजांनी 'बँक' आणली. बँक ऑफ बाँबे १८४०ची.

पण या पाहुण्यांच्या आधीच मराठीने तोच प्रवास स्वतःच्या पायांनी केला होता. आपला सराफ ज्या 'पेढी'वर बसे, ती संस्कृत 'पीठिके'ची लेक. पीठिका म्हणजे बसायचा ओटा, आसन. आसनावरून दुकान, दुकानावरून सावकारी. लोंबार्डांशी आपला काडीचा संबंध नव्हता! पुढे न्यायाधीशांच्या 'बेंच'ला मराठी नाव हवं होतं, तेव्हा 'खंडपीठ' पुढे आलं. नागपूरला हायकोर्टात दाद मागणारा पक्षकार जातो, तोही अशा एका आसनापुढेच.