पाखाडी: खांद्याच्या मापाची वाट

पूर्णगडच्या पायथ्याशी मी सायकल खांद्यावर मारली, तेव्हा ओटीवर बसलेल्या आजींनी हाक घातली, "काय रे, ती तुला घेऊन आली का तू तिला?" उत्तर द्यायला दम शिल्लक नव्हता. रत्नागिरीहून पहाटे निघालो होतो. भाट्याचा पूल, फणसोप, गोळप, पावस असं सगळं सुरळीत पार पडलं होतं. घाटी आली की गिअर उतरवायचा, सडा लागला की चढवायचा, एवढंच काम. पण गावातून किल्ल्याकडे जाणारी वाट सुरू झाली आणि चाकाची सत्ता संपली. पुढे नुसत्या जांभ्याच्या पायऱ्या. दोन्ही बाजूंना गडगे, मधूनच एखादं बेडं, त्यापलीकडे माड, फणस आणि कुणाचं तरी शेणाने सारवलेलं खळं. मोटारीचा आवाज नाही, कारण मोटार इथे शिरूच शकत नाही. या वाटेला आमच्याकडे पाखाडी म्हणतात.

खांद्याला सायकलची दांडी रुतत असताना मला फ्रान्स आठवलं, याला कारण माझा एक मित्र. तो तिकडे दोन आठवडे सायकल चालवून आला आणि तेव्हापासून त्याच्या बोलण्यात दुसरा विषय नाही. तूलूझपासून भूमध्य समुद्रापर्यंत २४० किलोमीटरचा कालवा आहे, 'कनाल द्यु मिदी'. पिएर पॉल रिके नावाच्या माणसाने तो खणायला घेतला १६६६ मध्ये. १६८१ मध्ये तो खुला झाला. काठाने घोडे चालत आणि दोराने नावा ओढत, म्हणून काठाची वाट ठेवलेली. घोडे गेले, वाट राहिली, तिच्यावर आता सायकली. पूर्वेकडे बर्गंडीत गिव्री ते क्लुनी हा जुना रेल्वेमार्ग रूळ उखडून १९९७ मध्ये सायकलींना आणि चालणाऱ्यांना दिला. ४४ किलोमीटर, दोन्ही बाजूंना द्राक्षमळे, आणि टोकाला इसवी सन ९१० मध्ये स्थापन झालेला क्लुनीचा मठ. अशा वाटेला तिकडे 'व्वा व्हेर्त' म्हणजे हिरवी वाट म्हणतात. २००४ मध्ये त्यांच्या वाहतूक कायद्यात हा शब्द व्याख्येसकट आला.

मित्राचं म्हणणं असं, की आपल्याकडे असं काही नाही. मला ते अर्धंच पटतं. तिकडच्या शांत वाटा म्हणजे सेवानिवृत्त वाटा आहेत. काम संपलं, मग त्यांना पर्यटनाचं पेन्शन मिळालं. आमची पाखाडी अजून नोकरीत आहे.

ती नोकरीला लागली केव्हा, याचा दाखला कुठल्या एका दगडावर कोरलेला नाही. पण का लागली, हे जमिनीकडे पाहिलं की कळतं. रत्नागिरीत वर सपाट सडा, खाली खाडी, आणि गाव या दोहोंच्या मधल्या उतारावर लटकलेलं. पाऊस वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर, तोही चार महिन्यांत. उतारावरची मातीची वाट पहिल्याच आषाढात वहाळ होऊन जाते. देशावरच्या माणसाने बैलगाडी हाकली आणि भाषेला 'चाकोरी' हा शब्द दिला. इथे चाकोरी पडावी एवढी सपाटीच नाही. माल गलबतातून यायचा, भरतीबरोबर खाडीत शिरून चिपळूण, संगमेश्वर, राजापूर अशा आतल्या बंदरांना लागायचा आणि तिथून बैलांच्या पाठीवर लादून घाट चढायचा. राजापुरात शिवकाळी इंग्रजांची वखार होती तशी फ्रेंचांचीही होती. म्हणजे मित्राच्या फ्रेंचांनीही आमच्या खाडीतून ये-जा केलेली आहे. पुढे आगबोटी आल्या. त्या खाडीच्या तोंडाशी थांबत, पडावातून माणसं किनाऱ्याला लागत आणि मुंबईची ट्रंक डोक्यावर घेऊन पाखाडी चढत. पाण्यावर होडी, जमिनीवर डोकं आणि खांदा. या सगळ्या व्यवहारात चाक कुठेच बसत नव्हतं.

दगड मात्र पायाखालीच होता. फ्रान्सिस बुकॅननने १८०७ मध्ये मलबारातल्या जांभ्याचं वर्णन छापलं आणि विटेच्या लॅटिन शब्दावरून त्याला 'लॅटराइट' नाव दिलं. नाव चपखल आहे. जांभा खाणीतून निघतो तेव्हा ओलसर आणि मऊ असतो, पाथरवटाच्या हत्याराला विटेसारखा ऐकतो. ऊन-वारा लागला की त्यातल्या लोहामुळे टणक होत जातो. म्हणजे घडवायला सोपा आणि टिकायला पक्का. याच जांभ्याच्या सड्यांवर उक्षीचा हत्ती आणि बारसू, देवीहसोळची कातळशिल्पं खोदलेली आहेत. २०२२ मध्ये ती युनेस्कोच्या संभाव्य यादीत गेली. चित्र काढणाऱ्यांना जो कातळ उपयोगी पडला, तोच चिरे पाडणाऱ्यांना.

चांगली जुनी पाखाडी कशी बांधलेली असते, ते उतरताना नीट दिसतं, कारण तेव्हा नजर खाली असते. चिरे आडवे, उतार कापून बसवलेले. डोंगराच्या अंगाला पाणी काढून द्यायला अरुंद पाट. पायरीची उंची वीतभराहून कमीच, पण खोली अशी की एका पावलात संपत नाही आणि दोन पावलांना पुरत नाही. दर पायरीला पाय बदलतो. पहिल्यांदा चालणाऱ्याची लय चुकते. माझीही चुकली, आणि सायकलचं पेडल नडगीला लागलं. पण डोक्यावर भारा घेऊन चालणाऱ्या बाईमागून एकदा चालून बघावं. तिला खाली बघता येत नाही, मान सरळ ठेवावी लागते. प्रत्येक पायरी आधीच्या पायरीसारखी असेल तरच तिचं पाऊल न बघता बरोबर पडणार. ज्या कुणी ती मापं ठरवली, त्याच्या डोळ्यांपुढे ही बाई होती, याबद्दल मला शंका नाही.

जांभ्याला छिद्रं असतात, त्यामुळे पाय धरून राहतो. पावसाळ्यात कडेकडेला हिरवंगार शेवाळ चढतं, मधला हातभर पट्टा मात्र लाल राहतो. किती माणसं ये-जा करतात, हे त्या पट्ट्यावरून कळतं. पूर्णगडला वरच्या टप्प्यात तो पट्टा बारीक होत गेला होता. किल्ल्यात रोज कोण जाणार? मुचकुंदीच्या खाडीच्या तोंडावर बसलेला तो छोटासा किल्ला, तटावरून समोर गावखडीचा किनारा दिसतो. तिथे सायकल टेकवून पाणी प्यालो.

सायकलच्या गिअरची कुळकथाही इथे थोडी सांगायला हरकत नाही. फ्रान्समध्ये सायकलवरून देश बघण्याच्या छंदाचा मूळपुरुष पॉल द व्हिव्ही (१८५३-१९३०), 'वेलोसियो' या नावाने लिहिणारा, सेंत एत्येन या डोंगराळ भागातल्या शहरात राहणारा. चढ सुखाचा व्हावा म्हणून गिअर बदलता आले पाहिजेत, यासाठी तो आयुष्यभर झगडला. शर्यतवाल्यांना ते मर्दानी वाटेना. 'टूर द फ्रान्स'मध्ये हल्लीसारखे गिअर चालायला १९३७ उजाडलं. मला वेलोसियो जवळचा वाटतो. पण त्याचं सगळं शहाणपण पाखाडीच्या पहिल्या पायरीशी संपतं. इथे सगळ्यात हलका गिअर म्हणजे खांदा.

पाखाडीच्या रुंदीचं मापही खांद्याचंच. सायकलचं हँडल आडवं धरलं की दोन्ही गडग्यांशी हातभर जागा उरते. दोन भारेवाले एकमेकांना अंग चोरून ओलांडतील इतकी. आणि पालखी जाईल इतकी. शिमग्यात ग्रामदेवतेची पालखी सहाणेवरून उठते आणि घरोघर जाते, ती याच पायऱ्यांनी. वळणावर मागच्या भोयांनी दांडा वर उचलायचा, पुढच्यांनी गुडघे वाकवायचे, ढोल एक क्षण थांबायचा नाही. देव घरी येतो तो या वाटेने, म्हणून फाल्गुनाआधी पाखाडी झाडायची, ढासळलेला चिरा बसवायचा, हे काम कुणी न सांगता होतं. पाखाडी बांधणं पुण्याचं, अशीही समजूत. अलिबागजवळ कनकेश्वराच्या डोंगरावर आंग्रेकाळातल्या पायऱ्या आहेत. गणपतीपुळ्याला तर डोंगरच देव मानतात, म्हणून प्रदक्षिणा डोंगराला, साधारण किलोमीटरभर बांधलेल्या वाटेने.

मग शब्द वाटेवरून घरांवर सरकला. वाटेच्या दोन्ही अंगांना जी घरं, त्यांची मिळून पाखाडी. 'तो खालच्या पाखाडीतला' म्हटलं की वाट कुणाला आठवत नाही, माणसं आठवतात. हा शब्द मुंबईतही आहे. माझगावात ईस्ट इंडियन ख्रिश्चनांची जुनी वस्ती आहे, माथारपाखाडी. लोकमान्य टिळक १८५६ मध्ये रत्नागिरीत जन्मले. होमरूलच्या चळवळीतले त्यांचे सहकारी आणि १९२५ चे मुंबईचे महापौर काका बाप्टिस्टा १८६४ मध्ये जन्मले ते या माथारपाखाडीत.

आणि जिथे वस्ती आली तिथे जातही आली. कोकणातल्या वाड्या जातवार वसलेल्या. कुणाची पाखाडी कुठे संपते आणि पुढे कुणी पाऊल टाकायचं नाही, हे गडग्यांना पाठ होतं. रत्नागिरी शहरात सर्वांना खुलं असं पतितपावन मंदिर १९३१ मध्ये उभं राहिलं, सावरकरांच्या पुढाकाराने आणि भागोजीशेठ कीरांच्या पैशाने. देवळाचं दार उघडल्याची तारीख नोंदवली जाते. वाट उघडल्याची कुणी नोंदवत नाही. शांत, जुन्या वाटेवर गहिवरणाऱ्या आम्हा सायकलवाल्यांनी हेही लक्षात ठेवलेलं बरं, की ही शांतता सगळ्यांच्या वाट्याला सारखी आलेली नव्हती.

आता गावोगाव निळे-पिवळे फलक दिसतात: अमुक वाडीकडे जाणारी पाखाडी बांधणे. आमदार निधी, डोंगरी विकास, साकव आणि पाखाडी ही ठरलेली जोडी. बांधणं म्हणजे काँक्रीट. जांभ्याचे चिरे काढून किंवा त्यांच्यावरच ओतलेलं. ते उन्हात भाजतं, पावसात निसरडं होतं, आणि पायऱ्यांची मापं कंत्राटदाराच्या फळ्यांवर ठरतात. मी हे सगळं आजींना ऐकवलं. उतरताना त्यांच्या ओटीवर बसलो होतो, त्यांनी कोकमाचं सरबत दिलं होतं.

"तू येतोस वर्षातून एकदा," आजी म्हणाल्या. "आमच्या ह्यांना डोलीतनं खाली न्यायला चार माणसं लागली. पावसाचे दिवस. चौघं गोळा होईपर्यंत दुपार झाली." त्यापुढचं त्या बोलल्या नाहीत. मग हाताने अंगणापलीकडे दाखवलं. खालच्या टप्प्यात नवी पाखाडी झाली होती आणि पायऱ्यांच्या एका कडेला वीतभर रुंदीचा सपाट उतार काढलेला होता. "नातू तिथनं मोटारसायकल ढकलीत दारापर्यंत आणतो."

मी सायकल खांद्यावर घ्यायला गेलो तर आजींनी हातानेच थांबवलं. "उगाच कशाला उचलतोस? घाल त्यात चाक."

घातलं. चाक बरोबर बसलं. दोन्ही ब्रेक दाबून, मी पायऱ्यांवरून आणि सायकल त्या पट्टीवरून, अशी आम्ही दोघं शेजारी शेजारी रस्त्यापर्यंत उतरलो.