अर्जुन
अर्जुन : वैदिक व पौराणिक वाङ्मयातील एक नाम. मूळ अर्थ ‘शुभ्र’, ‘तेजस्वी’. ऋग्वेदात (६·९·१) ते दिवसाचे विशेषण आहे. शतपथ ब्राह्मणात अर्जुन हे इंद्राचे गुह्य नाम सांगितले असून फल्गुनी नक्षत्रांना ‘अर्जुनी’ म्हटले आहे. इंद्रपुत्र मानलेल्या पांडवाची ‘अर्जुन’ व ‘फाल्गुन’ ही नावे या कल्पनेशी निगडित असावीत. महाभारतात त्याला श्याम म्हटले आहे. मग नाव शुभ्रवाचक कसे? विराटपर्वात तो स्वतः उत्तराला आपल्या दुर्मिळ वर्णाचा व शुद्ध कर्माचा दाखला देतो, पण हे स्पष्टीकरण मागाहून जुळवलेले दिसते. पाणिनीने (४·३·९८) वासुदेवाबरोबर अर्जुनाच्या भक्तांसाठीही प्रत्यय सांगितला, हे विशेष महत्त्वाचे. परशुरामाने मारलेला माहिष्मतीचा हैहय राजा कार्तवीर्य अर्जुन याहून वेगळा.