काजळीचा हंगाम

दिवाळी सरली की आमच्या श्रीरामपूरच्या हवेला पाचट जाळल्याचा वास येतो. नातीने परवा विचारले, "आजोबा, पूर्वी हवा स्वच्छ होती ना?"

काय सांगू? भंडारदऱ्याचे धरण १९२६ साली पुरे झाले. प्रवरेच्या कालव्यांनी या कोरडवाहू भागात ऊस आणला. पुढे लोणीला विठ्ठलराव विख्यांचा सहकारी कारखाना १९५०-५१ च्या हंगामात सुरू झाला. घरोघरी उसाचा पैसा आला, मग धुराला धूर कोण म्हणणार? लहानपणी आम्ही कारखान्याजवळच राहायचो. वाळत घातलेल्या धोतरावर काळे ठिपके दिसले की आई म्हणे, "पेटला वाटतं बॉयलर!" आणि तिला आनंदच होई.

पाचट कुजवले तर खत होते, हे आता सगळे जाणतात. पण आगकाडी स्वस्त पडते. असो.

थंडीत जमिनीलगतची हवा गार, वरची उबदार. म्हणून धूर वर न जाता गावावरच बसतो. हे मी वर्षानुवर्षे फळ्यावर आकृती काढून शिकवले. एकदा हेच शिकवताना मागच्या बाकावरचा ऊसतोड्याचा मुलगा सारखा खोकत होता. तासात व्यत्यय नको म्हणून मी त्याला बाहेर, व्हरांड्यात उभे केले.