एका निवाड्याचा अस्त

वरिष्ठ न्यायालयाचा निवाडा एकदां ग्रंथांत छापून निघाला कीं तो कायमचा झाला, अशी सामान्य समजूत आहे. ती कितपत खरी, हें विधवेच्या दत्तकाधिकाराच्या इतिहासावरून चांगलें कळतें.

आजच्या सिंधुदुर्ग जिल्ह्यांतील मालवण तालुका त्या काळीं रत्नागिरी जिल्ह्यांत, म्हणजे इंग्रजी मुलखांत होता. तेथील न्यायाधीशास मुंबई हायकोर्टाचा शब्द बंधनकारक असे. शेजारचें सावंतवाडी संस्थान मात्र १९४८ पर्यंत त्या कोर्टाच्या अपील-अधिकाराबाहेर होतें. निवाड्याचें बंधन असें न्यायालयाच्या सीमेपुरतें असतें. आणि त्या सीमेच्या आंतही तें अमर नसतें.

१८६८ सालीं हायकोर्टानें रखमाबाई विरुद्ध राधाबाई ह्या खटल्यांत ठरविलें कीं, महाराष्ट्रांत विधवेस पतीच्या अनुज्ञेवांचूनही दत्तक घेतां येतो. १८७९ सालीं रामजी विरुद्ध घमाऊ ह्या खटल्यांत पूर्णपीठानें त्यास मर्यादा घातली. पति एकत्र कुटुंबांत असतां वारला असल्यास त्याची आज्ञा किंवा भाऊबंदांची संमति अवश्य ठरली. दत्तक न झाल्यास मिळकत ज्यांच्याकडे राहावयाची, त्यांचीच संमति विधवेनें मागावयाची!

१९२१ सालीं यादव विरुद्ध नामदेव ह्या खटल्यांत प्रिव्ही कौन्सिलनें उलट मत दिलें. पण तें मत त्या निकालास आवश्यक नव्हतें असें मानून मुंबईच्या पूर्णपीठानें १९२६ सालीं, ईश्वर दादू विरुद्ध गजाबाई ह्या खटल्यांत, जुनाच नियम राखला. अखेर भीमाबाई विरुद्ध गुरुनाथगौडा ह्या खटल्याच्या, १९३३ च्या ग्रंथांत छापलेल्या निवाड्यानें प्रिव्ही कौन्सिलनें तो नियम स्पष्टपणें मोडून काढला. पुढें १९५६ च्या कायद्यानें विधवेस दत्तकाचा स्वतंत्र अधिकार दिला, आणि हा वादच मिटला.

न्यायालय कायदा नवा करीत नाहीं, असलेला सांगतें, असें तत्त्व आहे. त्याप्रमाणें १८७९ चा नियम आरंभापासूनच चुकीचा ठरतो. परंतु त्याच्या आधारें ज्यांचे दावे शेवटपर्यंत लढून हरले गेले, त्यांचे निकाल कायम राहिले. कारण तेच पक्षकार तोच वाद पुन्हां काढूं शकत नाहींत. चूक सुधारली ती पुढच्या विधवांसाठीं. मागच्यांच्या हातून गेलेलें घर आणि माड-पोफळीची बाग परत आली नाहीं. म्हणून चुकीचा निवाडा लवकर बदलणें हा न्यायाचा अपमान नव्हे. तो बदलण्यास लागलेला उशीर मात्र अन्याय होय.