रेषांची इमारत आणि लोखंडाची इमारत

काळ्या घोड्याजवळची एस्प्लनेड मॅन्शन तुम्ही पाहिली असेल. मूळचं वॉटसन हॉटेल. रोलँड मेसन ऑर्डिश या इंग्रज अभियंत्यानं तिचा सांगाडा आखला. लोखंडी भाग इंग्लंडात घडले, बोटीनं इथं आले आणि 1860च्या दशकात जोडले गेले. 2005 साली तिचा काही भाग कोसळून एक माणूस दगावला. पुढे पाडायची की राखायची, हा वाद उच्च न्यायालयात गेला.

असे निर्णय आज बऱ्याच अंशी संगणकावरच्या गणितावर टेकतात. या गणिताचा एक महत्त्वाचा टप्पा 1956चा. टर्नर, क्लफ, मार्टिन आणि टॉप यांनी विमानाच्या पातळ पत्र्याच्या पंखांसाठी ते मांडलं. 1960मध्ये क्लफनं त्याला 'फायनाइट एलिमेंट' हे नाव दिलं. इमारतीच्या सांगाड्यासाठी ते आणखी सोपं करतात. खांब म्हणजे एक रेषा, सांधा म्हणजे एक बिंदू. बिंदूला सहाच आकडे: तीन दिशांना सरकणं, तीन अक्षांभोवती वळणं.

आता मी तत्त्वज्ञानाचा माणूस, म्हणून इथे थांबतो. सोपं करणं हा दोष नव्हे. त्यावाचून ज्ञानच होत नाही. पण सोपं करताना गाळलं काय, हे सांगायला हवं ना?

परळ-लालबागच्या गिरण्यांतले ओतीव लोखंडाचे पोकळ खांब घ्या. ओतताना आतला गाभा जरा सरकला, की खांबाची भिंत एकीकडे पातळ, दुसरीकडे जाड. गणित ती सगळीकडे सारखी धरतं. सांध्याचंही तेच. पूर्ण ताठ धरला तर सांगाडा कमी हलतो, बिजागरीसारखा मोकळा धरला तर जास्त. खरा सांधा, गंजासकट, या दोहोंच्या मध्ये कुठेतरी असतो. आणि ओतीव लोखंड ताण आला की फारसं वाकत नाही, एकदम तडकतं.

म्हणजे इमारत तीच, संगणक तोच. गृहीतक बदललं की निकाल बदलू शकतो. त्या निकालावर कुणाची तरी खोली अवलंबून असते.

म्हणून गिरगावात, लालबागेत तुमच्या हाती ऑडिटचा अहवाल आला, तर दोन प्रश्न जरूर विचारा. खांबाची जाडी मोजली की मानली? सांधा उघडून पाहिला का? नसेल, तर दोन्ही टोकं धरून हिशेब करायला सांगा. दोन्हीकडे धोका निघाला तर वाद न घालता बाहेर पडा. उत्तरं वेगळी निघाली तर आधी टेकू लावा, आणि मग गिलावा फोडून सांधा बघा.