झेंडा उभा राहतो तेव्हा : दृश्य-कादंबरीतील चलांचा इतिहास

जपानी बोलभाषेत 'झेंडा उभा राहिला' असा एक वाक्प्रयोग रूढ आहे. युद्धकथेतील एखादा शिपाई लढाईच्या आदल्या रात्री सोबत्याला म्हणतो, 'परत गेलो की लग्न करणार.' हे ऐकताच रसिक म्हणतात, 'याच्या मृत्यूचा झेंडा उभा राहिला.' म्हणजे हा माणूस आता जिवंत परतत नाही. साहित्यसमीक्षा ज्याला पूर्वसूचन म्हणते, त्यालाच सामान्य वाचकाने दिलेले हे नाव. मात्र हे नाव समीक्षेतून आलेले नाही. ते संगणकीय खेळांतून आणि त्या खेळांच्या प्रोग्रॅममधून आले. प्रोग्रॅमच्या परिभाषेत 'फ्लॅग' म्हणजे 'होय' किंवा 'नाही' एवढीच नोंद ठेवणारा चल. बीजगणितातल्या चलाप्रमाणेच यालाही एक नाव असते, आणि त्या नावाखालची किंमत बदलू शकते. यंत्राच्या स्मृतीतील एवढीशी नोंद कथनशास्त्राची संज्ञा व्हावी, ही घटना साहित्याच्या अभ्यासकाने दुर्लक्षावी अशी नाही, असे आम्हांस वाटते.

ज्या साहित्यप्रकाराने हा शब्द घरोघरी नेला त्यात 'व्हिज्युअल नॉव्हेल', म्हणजे दृश्य-कादंबरी, हिचा वाटा मोठा आहे. पडद्यावर पार्श्वभूमीचे चित्र, त्यावर पात्रांची चित्रे, सोबत संगीत आणि या सर्वांवर उमटत जाणारा मजकूर, असे तिचे सर्वसाधारण रूप. वाचक मजकूर वाचत जातो आणि मधूनमधून त्याच्यापुढे दोन-तीन पर्याय येतात. त्यांतला एक निवडला की कथा पुढे सरकते. निवड आणि तिचे फळ यांच्यामध्ये काय घडते, हा आमच्या लेखाचा विषय आहे. कारण बहुतेक वेळा फळ लगेच मिळत नाही. पहिल्या दिवशी केलेल्या निवडीचा परिणाम दहाव्या दिवशी दिसतो, आणि तोवर ती निवड कुठेतरी साठवून ठेवावी लागते. ती जिथे साठते ते ठिकाण म्हणजे चल.

कागदावरच्या पुस्तकाला ही सोय नव्हती. एडवर्ड पॅकर्ड यांच्या 'द केव्ह ऑफ टाइम' (1979) या पुस्तकाने 'अमुक करायचे असल्यास अमुक पानावर जा' ही रीत बालवाचकांत लोकप्रिय केली. परंतु वाचक त्या पानावर कोणत्या वाटेने पोचला, हे पानाला ठाऊक नसते. दोन वाटांनी आलेल्या दोन वाचकांना ते एकच मजकूर दाखवते. 1982 साली स्टीव्ह जॅक्सन आणि इयन लिव्हिंगस्टन यांच्या 'द वॉरलॉक ऑफ फायरटॉप माउंटन'ने यावर तोडगा काढला. वाचकाने एका तक्त्यावर कौशल्य, बळ आणि नशीब यांचे आकडे पेन्सिलीने लिहायचे आणि प्रसंगानुसार ते खोडून नवे मांडायचे. चल इथे वाचकाच्या हाती आले असे म्हणता येईल. ते उघड होते आणि त्याचा हिशेब वाचकाच्या प्रामाणिकपणावर सोडलेला होता. खोडरबर वाचकाकडेच होते.

याच सुमारास संगणकावर हा हिशेब यंत्राने आपल्याकडे घेतला होता. अमेरिकेतील एमआयटीमध्ये 1977 पासून रचला गेलेला 'झोर्क' हा शब्दखेळ पुढे इन्फोकॉम कंपनीने घरगुती संगणकांवर आणला. इन्फोकॉमने आपल्या कथांसाठी जी प्रोग्रॅमिंगची भाषा वापरली, तीत सर्वत्र दिसणाऱ्या चलाची किंमत बदलण्यासाठी 'सेट-जी' अशी आज्ञा होती. वस्तूवर खूण करण्यासाठी, उदाहरणार्थ पेटी उघडलेली आहे असे नोंदवण्यासाठी, वेगळी आज्ञा होती. जपानमध्ये युजी होरी यांनी 1983 साली 'पोर्टोपिया रेन्झोकु सात्सुजिन जिकेन' ही कोबे शहरातील खुनाच्या तपासाची कथा याच मार्गाने रचली. तपासकथेला ही रचना मानवते, कारण तपास म्हणजे काय कळले आणि काय कळायचे उरले याचीच नोंद.

1992 साली चुनसॉफ्टच्या 'ओतोगिरिसो'ने मजकुराला मध्यवर्ती स्थान दिले. कथा एकदा संपवून पुन्हा वाचायला घेतली की पूर्वी नसलेले पर्याय तीत दिसू लागत. म्हणजे वाचकाने आपल्याला आधी वाचले आहे, हे पुस्तकाला आठवत होते. दोन वर्षांनी आलेल्या 'कामाइताची नो योरु'साठी ताकेमारू अबिको या रहस्यकथाकाराने लेखन केले. 1996 साली लीफ या कंपनीने 'शिझुकु' काढली. तीत मजकूर पूर्ण पडद्यावर पसरलेला होता, आणि या मालिकेला कंपनीने दिलेले 'व्हिज्युअल नॉव्हेल' हे नाव पुढे सर्व प्रकाराला चिकटले.

दरम्यान 1994 साली कोनामीच्या 'तोकिमेकी मेमोरियल'ने चलांना एक निराळे काम दिले होते. ही शुद्ध अर्थाने दृश्य-कादंबरी नव्हे. शाळेच्या तीन वर्षांचे वेळापत्रक आखण्याचा तो खेळ आहे. परंतु मुलींच्या मनातील आपुलकी आकड्यांत मोजण्याची रीत त्याने जनमानसात पक्की केली. नायकाचे अभ्यास, व्यायाम वगैरेंचे आकडे पडद्यावर दिसतात. मुलीच्या मनाचा थांग मात्र मित्राला फोन करून घ्यावा लागतो. एखाद्या मुलीकडे फार दुर्लक्ष झाले तर तिच्या नावापुढे बॉम्बचे चित्र येते, आणि तो फुटला की इतर मुलींच्या मनांतूनही नायक उतरतो. 'होय-नाही' सांगणाऱ्या झेंड्याच्या जागी इथे चढउतार होणारी संख्या आली. घटना नोंदवणारे चल भावना नोंदवू लागले.

इथे आम्हांला पूर्वमीमांसेतील एका जुन्या प्रश्नाची आठवण होते. यज्ञ आज संपतो आणि स्वर्ग मरणानंतर मिळतो. कर्म तर नाहीसे झाले, मग फळ कशाच्या आधारे येते? मीमांसकांनी उत्तर दिले : कर्मातून 'अपूर्व' नावाची अदृष्ट शक्ती निर्माण होते आणि फळ मिळेपर्यंत ती टिकते. दृश्य-कादंबरीतील चल नेमके हेच काम करते. फरक इतकाच, की मीमांसकांचे अपूर्व अर्थापत्तीने जाणायचे असते, आणि हे अपूर्व कोणीतरी नाव देऊन टंकलेले असते. छापील कादंबरीतील कार्यकारणभावाचा पुरावा, कितीही सूचक असला तरी, पानावरच्या शब्दांतच शोधावा लागतो. इथे कारण पानाच्या मागे आहे. वाचक कर्ता झालेला असतो, पण आपण नेमके काय केले हे त्याला फळ समोर आल्यावरच कळते.

या अदृष्टाला कथेतच ओढून आणण्याचा धाडसी प्रयत्न हिरोयुकी कान्नो यांच्या 'यु-नो' (1996) या कृतीने केला. तीत कथेच्या फांद्यांचा नकाशा वाचकाला दिसतो. नायकाजवळची रत्ने त्या नकाशावर ठेवून त्याला पुन्हा त्या क्षणी परतता येते. खेळ 'सेव्ह' करणे ही यंत्राची सोय इथे कथानकातील घटना बनली. पुढे 2004 साली आलेल्या 'फेट/स्टे नाइट'मध्ये तीन कथामार्ग ठरलेल्या क्रमानेच खुले होतात. त्यासाठी एका वाचनापुरती स्मृती पुरत नाही, सर्व वाचनांना व्यापणारी दुसरी स्मृती लागते. नायकाला मागच्या वाटेची आठवण नसते. ती वाचकाला असते, आणि प्रोग्रॅमलाही.

2004 सालीच टॉम रॉथमेल यांनी 'रेनपाय' हे दृश्य-कादंबऱ्या रचण्याचे मुक्त साधन प्रसिद्ध केले. 'रेनाइ' म्हणजे जपानी भाषेत प्रेम, आणि 'पायथन' ही प्रोग्रॅमिंगची भाषा. या दोहोंतून ते नाव झाले. नाटकाच्या संहितेसारखे पात्राचे नाव आणि पुढे संवाद लिहावा, मध्ये एका ओळीत चलाची किंमत बदलावी, अशी त्याची साधी रीत. निवेदन ज्या क्रमाने वाहते त्याच क्रमाने किंमती बदलतात. पण पडद्यावर बटणे, नकाशे, कपाटे, पत्रे येऊ लागली तेव्हा ही रीत अपुरी पडली. बटण केव्हा दाबले जाईल, किंबहुना दाबले जाईल की नाही, हे लेखकाला आधी ठाऊक नसते. त्यासाठी रेनपायच्या पडदा-रचनेत 'अ‍ॅक्शन' नावाची सोय आली. 'सेटव्हेरिएबल' ही त्यांतली सर्वांत साधी. चलाचे नाव आणि नवी किंमत एवढेच तिला सांगायचे. 'टॉगलव्हेरिएबल' होयचे नाही आणि नाहीचे होय करते.

समजा, पडद्यावर एक टेबल आहे आणि त्यावर आईचे न उघडलेले पत्र. पत्राला बटण करून लेखक लिहितो : दाबल्यास 'पत्रवाचले' या चलाची किंमत 'खरे' कर. या ओळीने अद्याप काहीही बदललेले नाही, हे लक्षात घेतले पाहिजे. तिने एक कृती तयार करून बटणापाशी ठेवली आहे. असे का, याचे कारण उद्बोधक आहे. पडद्याला लागणारी चित्रे वेळेवर तयार असावीत म्हणून रेनपाय पुढे येणारा पडदा आधीच मनातल्या मनात मांडून पाहते, आणि दिसत असलेला पडदाही पुनःपुन्हा मांडते. पडद्याच्या मांडणीतच किंमत बदलणारी ओळ लिहिली, तर वाचकाने पत्राला हात लावण्यापूर्वीच, कदाचित ते टेबल पाहण्यापूर्वीच, पत्र वाचल्याची नोंद होईल. म्हणून पडद्याच्या मांडणीने जगात काहीही बदलता कामा नये, असा दंडक आहे. दाखवणे वेगळे आणि करणे वेगळे. किंमत बदलायची ती वाचकाचा हात लागल्यावरच.

या कृतीचे आणखी दोन गुण सांगण्यासारखे आहेत. चलाचे नाव तिला अवतरणचिन्हांत द्यावे लागते, कारण तिला चलाची आजची किंमत नको असते, वेळ येईल तेव्हा ज्याला बदलायचे त्याचे नाव हवे असते. दुसरे असे, की चलाला ती किंमत आधीच मिळालेली असेल तर कृतीला ते कळते, आणि बटण 'निवडलेले' म्हणून निराळे दिसू शकते. आपण आधीच घडून गेलो आहोत काय, हे जाणणारी ही कृती आहे. शिवाय रेनपायमध्ये वाचकाला मागे जाता येते, आणि मागे जाताना चलेही आपल्या पूर्वीच्या किंमतींवर परततात. केलेले कर्म न केलेले होते. अपवाद सर्व वाचनांना व्यापणाऱ्या त्या दुसऱ्या स्मृतीचा. ती मागे फिरत नाही.

याच साधनाने रचलेल्या 'डोकी डोकी लिटरेचर क्लब' (2017) या कृतीने आमच्यासारख्या वाचकांपुढे खरा पेच उभा केला. तीत शाळेतील साहित्य मंडळासाठी नायकाला कविता लिहायची असते. वाचकाने शब्दांच्या याद्यांतून वीस शब्द निवडायचे. प्रत्येक शब्दाला तीन मुलींच्या आवडीनुसार गुण ठरलेले आहेत. जिला शब्द रुचला तिचे चिमुकले चित्र उडी मारते. वीस शब्द झाले की बेरीज होते आणि पुढचे प्रसंग कोणासोबत घडायचे ते ठरते. ती कविता मात्र वाचकाला कधीच दिसत नाही. ती शब्दांच्या किंमतींची बेरीज म्हणूनच अस्तित्वात असते. पुढे कथा भयकथेकडे वळते. एक पात्र कथेच्या चौकटीबाहेर येऊन खेळाच्या फाइलींशी खेळू लागते. अखेर वाचकाला बटण सोडून संगणकाच्या फोल्डरमध्ये शिरावे लागते आणि तिची फाइल स्वतः पुसावी लागते. तिथे कोणताही पर्याय पुढे केलेला नसतो.

आपुलकीची बेरीज करणाऱ्या या परंपरेवर साहित्याच्या बाजूने आक्षेप येणे स्वाभाविक आहे. माणसाचे मन आकड्यात मावते काय? आमचे उत्तर असे, की दोष मोजण्यात नाही. वृत्तबद्ध कविताही मात्रा मोजतेच, आणि तेवढ्याने ती अरसिक ठरत नाही. प्रश्न आहे तो मोजलेल्याचे पुढे काय केले जाते याचा. मोजणी केवळ बक्षीस वाटण्यासाठी असेल तर नाते हा व्यवहार होतो आणि वाचक सावकार होतो. मोजणीच वाचकाला लाजवू लागली, आपण प्रत्येक शब्द कोणाला खूश करण्यासाठी निवडत होतो हे तिने दाखवून दिले, तर तोच आकडा साहित्याचे काम करतो. 2017 च्या त्या कृतीने हे दुसरे काम केले, म्हणून ती महत्त्वाची.

हिरोकी अझुमा या जपानी समीक्षकाने 2001 सालच्या आपल्या ग्रंथात 'यु-नो'ची चर्चा केली आहे. वाचक पडद्यावरच्या कथेबरोबरच तिच्यामागील माहितीसाठ्याचाही उपभोग घेतो, असे तो मांडतो. त्याचे सर्व निष्कर्ष आम्हांस मान्य आहेत असे नाही. परंतु दोन स्तरांचे हे भान मराठी समीक्षेलाही उपयोगी पडेल. दृश्य-कादंबरीतील केवळ वाक्ये वाचणारा समीक्षक अर्धीच संहिता वाचतो. कोणते चल कोठे बदलले, त्याला लेखकाने काय नाव दिले, कोणती निवड नोंदवलीच नाही, हेही संहितेचेच भाग आहेत. यांतला शेवटचा प्रश्न आम्हांस सर्वांत मोलाचा वाटतो. वाचकाने केलेल्या ज्या कृतीसाठी चलच ठेवलेले नाही, ती त्या कथाविश्वात घडलेलीच नसते. आईचे पत्र उघडले आणि त्याची नोंद झाली नाही, तर त्या जगात ते पत्र न वाचलेलेच राहते. लेखकाची नीतिदृष्टी पात्रांच्या भाषणांत जितकी सापडते, त्याहून अधिक ती इथे, काय लक्षात ठेवायचे आणि काय विसरायचे या निर्णयात, सापडते.