मुलकोवाल दुर्घटना (१९०२) आणि उपकरणांच्या निर्जंतुकीकरणाचा प्रश्न : एक ऐतिहासिक अभ्यास

प्रस्तावना :
१८९६ मध्ये मुंबईत प्लेगची साथ पसरली, तेव्हा सरकारने जीवाणुशास्त्रज्ञ वाल्डेमार हाफकिन यांना पाचारण केले. ग्रँट मेडिकल कॉलेजमधील अपुऱ्या जागेत त्यांनी प्लेगप्रतिबंधक लस सिद्ध केली व १० जानेवारी १८९७ रोजी ती प्रथम स्वतःला टोचून घेतली. १८९९ मध्ये ही प्रयोगशाळा परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाऊसमध्ये आली. लसीचे उत्पादन वाढत गेले, तसे जागा व उपकरणे जंतुमुक्त राखण्याचे महत्त्वही वाढले. प्रस्तुत लेखात या प्रश्नाचा एका दुर्घटनेच्या आधारे विचार केला आहे.

दुर्घटना व चौकशी :
३० ऑक्टोबर १९०२ रोजी पंजाबातील मुलकोवाल या गावी १०७ जणांना लस टोचण्यात आली. त्यांपैकी '५३-एन' या एकाच बाटलीतील लस घेतलेले १९ जण धनुर्वाताने दगावले. इतर बाटल्यांतील लस घेतलेल्यांना धनुर्वात झाला नाही. बाटली उघडण्यापूर्वीच, म्हणजे परळ येथे, लस दूषित झाली असावी असे चौकशी आयोगाचे मत पडले. हाफकिन यांनी नव्या उत्पादनपद्धतीत कार्बोलिक आम्ल वगळून उष्णतेवर भिस्त ठेवली होती. हा बदल दोषास्पद ठरवण्यात आला व त्यांना प्रयोगशाळेच्या प्रमुखपदावरून दूर व्हावे लागले.

चिमट्याची साक्ष :
बाटलीचे बूच काढण्याचा चिमटा गावात जमिनीवर पडला होता. तो ज्योतीवर न तापवता केवळ कार्बोलिक द्रावणात बुडवून वापरण्यात आला, ही बाब साक्षीत नोंदली गेली होती. धनुर्वाताच्या जीवाणूंचे बीजाणू मातीत आढळतात आणि अशा क्षणभराच्या बुडवण्याने ते नष्ट होत नाहीत. १९०७ मध्ये रोनाल्ड रॉस आदी शास्त्रज्ञांनी लंडनच्या 'टाइम्स'मधून हा मुद्दा ठामपणे मांडला. त्याच वर्षी हाफकिन दोषमुक्त ठरले. मात्र त्यांची पुढील नियुक्ती कलकत्त्यास झाली. १९२५ मध्ये परळच्या संस्थेला त्यांचे नाव देण्यात आले.

निष्कर्ष :
आयोगाने ज्या रसायनाचा अभाव दोष मानला, तेच रसायन चिमटा शुद्ध करण्यास अपुरे होते. जंतूंची संख्या कमी करणे आणि बीजाणूंसह सर्व जंतू नष्ट करणे या भिन्न क्रिया आहेत. दुसऱ्या क्रियेसाठी आज ऑटोक्लेव्हमध्ये १२१ अंश सेल्सिअसची दाबयुक्त वाफ साधारणतः १५ मिनिटे दिली जाते. प्रयोगशाळेची खोली कितीही निर्जंतुक असली, तरी ती शुद्धता अखेरच्या हातातील उपकरणापर्यंत टिकली तरच तिला अर्थ राहतो, हे मुलकोवालच्या १९ मृत्यूंनी दाखवून दिले.